शर्यतीचे टायर आणि कोल्हापूरचा रस्ता

मोटारींच्या शर्यती ही कोल्हापुरास आता परकी गोष्ट राहिलेली नाही. येथील मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या मार्गावर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूर येथील मार्गांवर आपले वाहन घेऊन जाणारे हौशी तरुणही या जिल्ह्यात आढळतात. या हौसेबरोबरच शर्यतीच्या मार्गासाठी मुख्यतः घडविलेले टायर नित्याच्या वाहनास बसविण्याची प्रवृत्ती वाढीस लागली आहे. बाजारात त्यांना 'सेमी-स्लिक' म्हणतात. त्यांच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो तो वरकरणी बिनतोड वाटतो : ज्या टायरची पकड शर्यतीतील वेगास पुरते, ती शहरातील वेगास अधिकच पुरेल, अर्थात असा टायर अधिक सुरक्षित. हा युक्तिवाद कोठे चुकतो याचा विचार पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. ज्यावर एकही खाच नसते तो 'स्लिक' टायर. तो केवळ शर्यतीसाठी असतो आणि रस्त्यावर त्यास कायदेशीर स्थान नाही. सेमी-स्लिकवर मोजक्या, उथळ खाचा असतात आणि त्यांतील पुष्कळ प्रकारांना सार्वजनिक रस्त्यावर वापरण्याची मान्यता असते. म्हणून येथे प्रश्न कायद्याचा नसून योग्यायोग्यतेचा आहे.

बाराशे किलोग्रॅम वजनाच्या मोटारीच्या एका चाकावर सरासरी तीनशे किलोग्रॅम भार येतो. हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड धरल्यास टायर व जमीन यांचा संपर्क सुमारे १३४ चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढा, भरतो. वाहनाचा वेग वाढविणे, ते वळविणे व थांबविणे ही सर्व कार्ये अशा चार तळहातांवर अवलंबून असतात.

या संपर्कात रबराची पकड दोन कारणांनी निर्माण होते. एक म्हणजे आसंजन : रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागास क्षणभर चिकटतात व सुटतात. दुसरे कारण असे की, खडीच्या उंचवट्यांवरून सरकताना रबर दबते व पुन्हा फुगते. परंतु दबताना घेतलेली ऊर्जा ते पूर्णपणे परत करीत नाही. जी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते तीच सरकण्यास विरोध करते. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की, रबराचे घर्षण हे वेग व तापमान या दोहोंवर अवलंबून असते, आणि या दोहोंचा परिणाम एकाच वक्ररेषेने दाखविता येतो. शालेय पुस्तकांतील घर्षणांक हा जसा एक ठराविक आकडा असतो, तसा रबराचा नसतो. कोणत्या तापमानास, हे सांगितल्यावाचून रबराच्या पकडीविषयी केलेले विधान अपुरेच राहते.

टायर बनविणारे रसायनज्ञ याच गुणाचा उपयोग करून घेतात. रबराची जात, काजळी व सिलिका यांचे प्रमाण आणि तेलांची निवड यांच्या साहाय्याने सर्वाधिक पकडीचे तापमान हवे तेथे आणून ठेवता येते. नित्याच्या टायरची पकड थंड सकाळी गाडी सुरू करताच मिळावी लागते. म्हणून त्याचे रबर विस्तृत तापमानकक्षेत बऱ्यापैकी काम देईल असे केलेले असते. शर्यतीच्या टायरचे रबर याउलट सुमारे ८० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास उत्कृष्ट ठरावे, असे योजलेले असते. शर्यतीपूर्वी टायरांना उष्ण वेष्टणे गुंडाळतात किंवा प्रारंभीचा एखादा फेरा केवळ टायर तापविण्यासाठी खर्च करतात, त्याचे कारण हेच. सेमी-स्लिकचे स्थान या दोहोंच्या मध्ये असले, तरी त्याचा कल दुसऱ्या बाजूकडे असतो.

आता कोल्हापूरच्या रस्त्यावर हे तापमान येणार कोठून? टायर तापतो तो मुख्यत्वे वारंवार दबण्याने आणि जोराने ब्रेक लावताना वा वळताना होणाऱ्या सूक्ष्म घसरणीने. ताराबाई पार्कातून रंकाळ्यापर्यंत जाताना सिग्नल, गर्दी व गतिरोधक यांमुळे टायरवर असा सततचा ताण पडतच नाही, आणि पडू देणे इष्टही नाही. हिवाळ्यात पहाटे येथील तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते. तेव्हा घरातून निघालेल्या मोटारसायकलस्वाराच्या टायरचे रबर पहिले काही किलोमीटर ताठर असते, आणि त्याने ज्या पकडीसाठी जास्त पैसे मोजले ती त्या वेळी उपलब्ध नसते. एप्रिलच्या दुपारी डांबर स्वतःच ५० अंशांच्या वर तापते, तेव्हा कोरड्या व स्वच्छ रस्त्यावर हा टायर नित्याच्या टायरहून सरस ठरतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि आपण वाहन केवळ एप्रिलच्या दुपारीच चालवीत नाही.

याहून गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. ओल्या रस्त्यावर रबर व खडी यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की आसंजन जवळजवळ नाहीसे होते. म्हणून तो थर बाजूस सारणे हे टायरचे पहिले काम ठरते आणि त्यासाठीच खाचा असतात. या कामाचा आवाका एका हिशेबावरून ध्यानी येईल. टायरची रुंदी २० सेंटिमीटर, रस्त्यावरील पाणी ३ मिलिमीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरल्यास, एका चाकास दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी हटवावे लागते. घागरभर पाणी एका सेकंदात!

टायरसमोर येणाऱ्या या पाण्याचा छेद ६०० चौरस मिलिमीटर भरतो. नव्या सामान्य टायरवर खाचांनी तीन दशांश रुंदी व्यापली आहे आणि त्यांची खोली ८ मिलिमीटर आहे असे समजू. त्या खाचांत ४८० चौरस मिलिमीटर, म्हणजे चार पंचमांश पाणी सामावते. सेमी-स्लिकवर खाचांचे प्रमाण याच्या निम्मे व खोली ५ मिलिमीटर धरल्यास केवळ १५०, म्हणजे एक चतुर्थांश पाणी सामावेल. उरलेले पाणी बाहेर लोटण्यास वेळ लागतो, आणि वेग जितका अधिक तितका तो वेळ कमी मिळतो. अखेरीस टायर पाण्यावर उचलला जातो. मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

हा वेग कोणता असावा याविषयी अमेरिकेतील 'नासा' या संस्थेत वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून १९६३ साली एक सूत्र मांडले. खाचांच्या खोलीहून पाणी अधिक असता तरंगण्याचा वेग हा हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३२ पौंड दाबास तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर आणि २४ पौंडांस सुमारे ८२ किलोमीटर येतो. मोटारीच्या रुंद टायरास हे सूत्र ढोबळमानानेच लागू पडते. परंतु त्यातून एक उपयुक्त गोष्ट कळते. शर्यतीच्या मार्गावर थंड टायरात हवा मुद्दाम कमी ठेवतात. ३० अंशांस २४ पौंड असलेली हवा ८० अंशांस सुमारे ३० पौंड होते, हे त्यांनी हिशेबात धरलेले असते. तोच टायर तीच हवा ठेवून पावसात घरी नेला, तर दाब वाढत नाही आणि तरंगण्याचा वेग मात्र खाली आलेला असतो.

कोल्हापूर जिल्ह्याचे पर्जन्यमान पाहिले म्हणजे या विवेचनाचे महत्त्व पटते. शहरात वर्षास सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून अवघ्या पंचावन्न किलोमीटरांवरील गगनबावड्यास तो पाच हजारांच्या घरात जातो. सुटीच्या दिवशी तरुण मंडळी नेमकी याच रस्त्याने जातात. शहरातून कोरड्या रस्त्यावर निघालेला स्वार तासाभरात भुईबावडा वा करूळ घाटाच्या तोंडाशी, धुक्यात व वाहत्या पाण्यात असतो. मोटारसायकलचा टायर गोलाकार व अरुंद असल्याने तो पाण्यावर सहजी उचलला जात नाही हे खरे. परंतु पावसाने थंड झालेले रबर आणि डांबरावरचा निसरडा थर यांपासून त्यास संरक्षण नाही, आणि पुढच्या चाकाची पकड सुटली म्हणजे तोल सावरण्यास क्वचितच अवकाश मिळतो. शिवाय गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून रस्त्यावर शेतातील माती व वाडे पसरतात. मातीच्या थरावर मऊ रबराचा काहीच लाभ होत नाही.

पकडीतील फरकाचा परिणाम अंतराच्या भाषेत मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनास घर्षणांक १·१ असता थांबण्यास सुमारे १३ मीटर लागतात, ०·८ असता १८, ०·५ असता २८ आणि ०·३५ असता ४० मीटर. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. त्यांवरून असे दिसते की, चांगल्या स्थितीत पकड वाढवून पाचच मीटर वाचतात, परंतु वाईट स्थितीत ती घटल्यास बारा मीटर गमवावे लागतात. अपघात बहुधा वाईट स्थितीतच होत असल्याने, रस्त्यावरील टायरची निवड त्याच्या सर्वोत्तम पकडीवरून न करता न्यूनतम पकडीवरून करणे शहाणपणाचे होय.

झिजेचाही विचार करावयास हवा. अमेरिकन नियमांनुसार टायरवर 'ट्रेडवेअर' हा आकडा छापलेला असतो. प्रवासी टायरवर तो चारशे किंवा त्याहून अधिक, तर सेमी-स्लिकवर बहुधा शंभर ते दोनशेच्या आसपास आढळतो. आकडा लहान असल्यास झीज लवकर होते. त्यातच वारंवार तापून निवाल्याने रबर कठीण होत जाते. म्हणजे खाचा शिल्लक दिसत असूनही पकड गेलेली असू शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४व्या नियमाने मोटारीच्या टायरवर किमान १·६ मिलिमीटर व दुचाकीच्या टायरवर ०·८ मिलिमीटर नक्षी राहिली पाहिजे. ज्याचा प्रारंभच ५ मिलिमीटरांपासून होतो तो टायर गोटा होण्यास फार काळ लागत नाही, आणि कायद्याची मर्यादा गाठण्यापूर्वीच तो पावसास निरुपयोगी झालेला असतो.

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात. ज्यांस मार्गावर वाहन चालवावयाचे आहे त्यांनी चाकांचा दुसरा संच बाळगावा आणि मार्गावर पोहोचल्यावर तो बसवावा. ते शक्य नसेल, तर पावसाळ्याचे चार महिने तरी सेमी-स्लिक उतरवून ठेवावेत. परतताना हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबावर आणावी. घरातून निघाल्यावर पहिले आठदहा किलोमीटर टायर थंड आहे असे समजूनच वळणे घ्यावीत. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे आणि बाजूच्या भिंतीवर 'केवळ शर्यतीसाठी' अशा अर्थाची सूचना असल्यास तो टायर रस्त्यावर आणू नये.

शर्यतीचा टायर वाईट नाही. तो तापलेल्या, कोरड्या व स्वच्छ डांबराचा टायर आहे. तशी स्थिती गगनबावड्याच्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर या काळात मिळत नाही, एवढे ध्यानी घेतले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.