टॉवरची भीती वाटते, पण कानाला लावलेल्या फोनचं काय? मोबाईल, वॉकीटॉकी वापरणाऱ्यांनी हे वाचाच

वर्तकनगर (ठाणे) : गुरुवारी वर्तकनगरच्या साईबाबा मंदिरात गर्दी असते. बंदोबस्ताच्या पोलिसांकडे वॉकीटॉकी असतो, जवळच्या सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनच्या हातातही तोच. शहापूर, मुरबाडची पोरंही ठाण्यात अशा नोकऱ्या करतात. घरच्यांचा प्रश्न ठरलेला, या लहरींनी अंगाला काही होतं का?

लहरी नेमकं काय करतात?

मोबाईल, वॉकीटॉकी, ब्लूटूथ हे सगळे रेडिओ लहरींवर चालतात. एक्स-रेसारखी शरीराच्या पेशी आतून तोडायची ताकद या लहरींत नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, जोर जास्त असला तर शरीर थोडं तापतं. म्हणून मर्यादा घातलेली आहे. भारतात २०१२ पासून मोबाईलसाठी दर किलोला १.६ वॅट ही मर्यादा आहे. तिला 'सार' म्हणतात. फोनवर *#०७# डायल केलं की बहुतेक फोनमध्ये हा आकडा दिसतो.

कॅन्सरचं काय? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी 'कदाचित धोकादायक' गटात टाकल्या. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. २०२४ मध्ये याच संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण काळजी घ्यायला पैसे पडत नाहीत.

रेंज कमी, तर फोनचा जोर जास्त

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टॉवर जवळ असला की फोन हळू 'बोलतो', लांब असला की ओरडतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटपर्यंत जोर लावतो. डोंगराआडच्या पाड्यावर एकच दांडी असेल तर तो पूर्ण जोर लावतो, बॅटरीही लवकर उतरते. अशा वेळी अंगणात किंवा टेकाडावर येऊन बोला, नाहीतर स्पीकर लावा.

अंतर हाच उपाय. चुलीपासून चार पावलं मागे सरलं की धग कमी लागते, तसंच हे. अंतर दुप्पट केलं की जोर साधारण चौथाईवर येतो.

वॉकीटॉकीवाल्यांसाठी

पोलिसांच्या हातातला वॉकीटॉकी साधारण ४-५ वॅटचा असतो, म्हणजे फोनच्या वीसपट आणि वर. पण तो बटण दाबलं तरच लहरी सोडतो. म्हणून :

- तोंडापासून तीन-चार बोटं लांब धरा.
- बटण दाबून थोडक्यात बोला, ऐकताना सोडा.
- बोलताना अँटेना हाताला, डोक्याला लावू नका. मोडकी अँटेना लगेच बदला.
- छातीत पेसमेकर असेल तर फोन वरच्या खिशात नको. किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवा.

मग गावातला टॉवर?

भारतात टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शाएवढी आहे. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. मोजणी न करताच टॉवर हटवला तर दोन गोष्टी होतात. गावातला प्रत्येक फोन कानाशी जास्त जोर लावतो, आणि रात्री कुणाला साप चावला, बाईला कळा सुरू झाल्या, तर १०८ ला फोन लागत नाही. हा धोका लहरींपेक्षा मोठा आहे.

फसू नका

फोनच्या मागे लावायचे 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर, चिप घेऊ नका. काहींमुळे रेंज अडते आणि फोन उलट जास्त जोर लावतो. 'तुमच्या शेतात टॉवर बसवतो, आधी पैसे भरा' असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. सरकारी खातं टॉवरसाठी शेतकऱ्याकडून पैसे मागत नाही.

शेवटची गोष्ट, गाडी चालवताना फोन कानाला लावू नका. लहरींनी मेलेला माणूस दाखवता येणार नाही, पण फोनच्या नादात रस्त्यावर गेलेले आपल्या सगळ्यांच्या ओळखीतले आहेत.