कन्यादाता कीं पिता ?

गेल्या चातुर्मासांत आमच्या कुलवृत्तान्ताची मुद्रणप्रत तपासण्याचें काम मजकडे आलें. पणजीच्या माहेरची नोंद पाहतांना लेखणी अडली. शके १८३० मधील तिच्या लग्नाच्या मोडी यादींत मुलीकडील म्हणून एका गृहस्थाचें नांव होतें. उलट, नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहींत तिच्या बंधूनें स्वहस्तें लिहिलेल्या लेखांत, पाठची बहीण आमच्या घरीं दिल्याचा उल्लेख असून, पित्याचें नांव त्याच गृहस्थाच्या वडील भावाचें होतें. एकीस दोन पिते कसे ?

घरांतील तरुण मंडळी म्हणाली, "याद जुनी, तिचेंच खरें माना." मला तें पटेना. कागद किती जुना हें पाहण्याआधीं तो कशाकरितां लिहिला, हें पाहावें. लग्नाची याद म्हणजे देण्याघेण्याचा ठराव. तींत नांव येतें तें कन्यादात्याचें. याज्ञवल्क्यस्मृतींत कन्यादानाचा अधिकार पिता, पितामह, भ्राता, सकुल्य व माता असा क्रमानें सांगितला आहे. तेव्हां कन्यादाता हा पिताच असेल, असा नियम नाहीं. तीर्थश्राद्धांत मात्र पिता, पितामह व प्रपितामह यांचीं नांवें उच्चारावीं लागतात. तेथें बापाच्या जागीं चुलत्यास कोण बसवील ?

उरलेला धागा आमच्या वृद्ध आत्यांनीं जोडून दिला. प्रत्यक्ष आजीच्या तोंडून त्यांनीं ऐकलें होतें कीं, ती मांडीवर असतांनाच तिचे वडील १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगांत वारले. आजोबा आधींच गेलेले, भाऊ अज्ञान. म्हणून चुलत्यांनीं तिला वाढविलें आणि उजविलें. जी पोर बापाच्या मायेस एकदां मुकली, तिचा बाप आम्ही कागदावरूनहि पुसावयास निघालों होतों !

दत्तकाच्या बाबतींतहि असाच घोटाळा होतो. एका कागदांत जनक पिता, दुसऱ्यांत दत्तक पिता. आणि खोटा कोणताच नव्हे. दत्तकास गोत्र घेणाराचें लाभतें, तरी जन्मकुळांतील विवाहनिषेध सुटत नाहीं. १९५६ च्या हिंदु दत्तकाच्या कायद्यानेंहि तो राखला आहे. एक नांव गाळल्यास पुढें सोयरीक जुळवितांना निषिद्ध नातें नजरेआड होण्याचा संभव. म्हणून दोन्ही नांवें द्यावीं, व प्रत्येकापुढें त्याचा संबंध स्पष्ट लिहावा.

आतां आमच्या ग्रंथांत पणजीच्या नोंदींत तिचे वडील 'पिता' म्हणून आले आहेत, आणि चुलते 'पालक व कन्यादाते' म्हणून. एकाचा हक्क राहिला, दुसऱ्याचे उपकारहि राहिले.

वाचकहो, आपल्याहि माळ्यावरच्या पेटींत अशा यादी असतील. वाळवीनें वाचण्यापूर्वीं आपण वाचाव्या. आणि घरांत कोणी ऐंशीच्या पुढचें माणूस असेल, तर कागदाआधीं त्याच्यापाशीं जाऊन बसावें. कागद एखादें वर्ष थांबतील.