वाघाच्या मावशीला वाघाचं रूप



गेल्या वेळी आपण न्यायदर्शनातली ‘जाति’ ही कल्पना पाहिली. गाईत गोत्व, घटात घटत्व, वगैरे. कार्यक्रम संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, ‘सर, मग बंगाल मांजरात काय असतं? मांजरत्व की बिबटेपण?’ सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याला कारणही होतं.

आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याने दोन वर्षांपूर्वी असं मांजर आणलं. सोनेरी अंग, त्यावर बिबट्यासारखे काळ्या कडांचे ठिपके. येणारा-जाणारा थांबून बघायचा. वर्षभरात तक्रारी सुरू झाल्या. रात्री ओरडतं, पडद्यावर चढतं, नळ सोडला की पाण्यात पंजे घालतं आणि आता गादीवर लघवी करायला लागलंय. परवा ती मुलगी मला म्हणाली, ‘काका, शेवटी रानटी रक्त आहे हो. ते थोडंच जाणार? देऊन टाकतोय आम्ही कुणाला तरी.’

‘रानटी रक्त’. आज आपण या दोन शब्दांचाच विचार करू.

आधी ही मांजरं आली कुठून ते पाहू. आशियात लेपर्ड कॅट नावाचं एक छोटं, ठिपकेदार रानमांजर आहे. आपल्या पश्चिम घाटातही ते आहे. आकाराने साधारण घरच्या मांजराएवढंच, पण लाजरं, निशाचर. त्याचं शास्त्रीय नाव प्रायोनाइल्युरस बेंगालेन्सिस. त्यावरूनच या पाळीव मांजराला ‘बंगाल’ म्हणू लागले. जन्म मात्र त्याचा अमेरिकेतला. १९६३ साली जीन मिल या बाईंकडे लेपर्ड कॅट आणि घरचं मांजर यांचं पिल्लू झालं. पुढे १९८०च्या दशकात त्यांनी हे काम नेटाने हाती घेतलं. त्यामागचा त्यांचा एक हेतू ऐकण्यासारखा आहे. बिबट्याची कातडी जिच्या अंगावर आहे अशी मनी मांडीवर बसली, तर त्या कातडीचा कोट अंगावर घालायला माणूस कचरेल, असं त्यांना वाटत होतं.

दुसरं नाव सव्हाना. आफ्रिकेत सर्व्हल नावाचं उंच पायांचं, मोठ्या कानांचं रानमांजर आहे. त्याचं आणि सयामी मांजराचं पहिलं पिल्लू १९८६ साली अमेरिकेत जन्मलं. तिसरं चौसी. ते फेलिस चाउस या रानमांजरापासून आलं. हे रानमांजर तुम्हाला नवीन नाही. आपल्याकडे उसाच्या फडात ज्याची पिल्लं सापडतात, तेच ते.

आता थोडं गणित. रान आणि घर यांच्या पहिल्या पिढीला एफ-१ म्हणतात. तिच्यात रानाचा वाटा निम्मा. पुढच्या प्रत्येक पिढीत घरच्या बाजूचाच बोका घेतला, तर हा वाटा निम्मा निम्मा होत जातो. पंचवीस टक्के, साडेबारा, सहा, तीन. आणि बोका घरच्या बाजूचाच घ्यावा लागतो, कारण सुरुवातीच्या पिढ्यांतले नर बहुतेक वांझ निघतात. मादी मात्र प्रजननक्षम असते. दोन जातींच्या संकरात ज्या लिंगात दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, म्हणजे सस्तन प्राण्यांत नर, त्याच्यावर आधी गदा येते. हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ साली मांडला. पुढे भारताचे नागरिक होऊन १९६४ साली भुवनेश्वरला वारले, तेच हे हॉल्डेन.

स्वभावाचं काय? पहिल्या दोन-तीन पिढ्यांचा स्वभाव खरोखरच अवघड असतो. पाहुणा आला की कपाटामागे दडून बसणं, एकाच माणसाशी जवळीक, हद्द आखायला जागोजागी मूत्र फवारणं. हे सगळं त्यांच्या रानातल्या जगण्याला धरूनच आहे. म्हणून अनेक ठिकाणी कायदा आडवा येतो. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचं असं मांजर पाळायला धोकादायक वन्य प्राण्यांसाठीचा परवाना लागतो. ऑस्ट्रेलियाने तर २००८ साली सव्हानाच्या आयातीवरच बंदी घातली. तिथल्या लहान प्राण्यांचं काय होईल, ही भीती.

पण चौथ्या पिढीनंतरचा बंगाल हा घरचाच प्राणी. चपळ, चौकस, बडबड्या, पाण्याची आवड असलेला आणि अतिशय खेळकर. घरोघरी दिसतात ते बंगाल बहुधा याच नंतरच्या पिढ्यांतले. आमच्या सोसायटीतलं मांजरही त्यांतलंच.

इथे तत्त्वज्ञानाकडे वळू. नैयायिकांनी खऱ्या जातीला बाधक ठरणाऱ्या काही गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांतली एक ‘संकर’. गंमत बघा, शब्द तोच, पण अर्थ वेगळा. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडूनही राहतात, तेव्हा तो संकर. आपण तर्कशास्त्राचा तो सगळा पसारा बाजूला ठेवू आणि एवढंच विचारू: ठिपकेदारपणा आणि रानटीपणा यांचा संबंध काय?

लेपर्ड कॅटमध्ये दोन्ही आहेत. ऊसफडातलं रानमांजर रानटी आहे, पण मोठेपणी त्याच्या अंगावर ठिपके नाहीत. आणि १९६४ साली मिशिगनमध्ये जन्मलेली ऑसिकॅट ही जात बघा. ती ऑसेलॉटसारखी ठिपकेदार दिसते, पण ती आली ॲबिसिनियन आणि सयामी या दोन पाळीव जातींतून. रानाचा थेंब नाही. जीन मिल यांच्या मुलीने, ज्युडी सग्डेन यांनी, वाघासारख्या पट्ट्यांचं ‘टॉयगर’ घडवलं, ते घरची पट्टेदार मांजरं आणि बंगाल यांतून निवड करत करत. म्हणजे ठिपके आणि पट्टे पाहून रानटीपणाचं अनुमान करता येत नाही. धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण तिथे व्याप्ती आहे. इथे व्याप्तीच नाही.

यावर २०२४ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. नऊशेहून अधिक बंगाल मांजरांचा जनुकसंच तपासला गेला. त्यात लेपर्ड कॅटचा वाटा सरासरी साडेतीन टक्के निघाला. त्याहून नवलाची गोष्ट अशी की ज्या रूपावर आपण भाळतो, ते रूप मुख्यतः घरच्या मांजरातच आधीपासून असलेल्या जनुकीय भेदांची निवड करून घडलेलं आहे. बंगालच्या केसांना जी सोनेरी चकाकी असते, तिचंही तसंच. पैदासकार सांगतात की ती जीन मिल यांनी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातून नेलेल्या एका भटक्या बोक्याकडून आली. आपल्या गल्लीबोळातल्या बोक्याची चमक अमेरिकेत जाऊन ‘रानाचं तेज’ ठरली!

तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर असं. बंगाल मांजरात मांजरत्वच असतं. बिबटेपण असतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत. आपल्याला जंगल हवं असतं, पण दिवाणखान्यात मावेल एवढं आणि बोलावलं की येणारं. ते मागणी करून घडवून घ्यायचं आणि त्याने जरा त्रास दिला की ‘शेवटी रक्त रानटी’ म्हणून मोकळं व्हायचं.

मी त्या मुलीला म्हटलं, ‘देऊन टाकण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखव.’ मूत्रमार्गाला सूज होती. औषधाने ती गेली. शिवाय ते मांजर दिवसाचे दहा तास बंद घरात एकटं असायचं, हे तिनेच सांगितलं. आता खिडकीपाशी उंच फळ्या लावल्यात, संध्याकाळी अर्धा तास खेळ असतो. ओरडणं थांबलेलं नाही, पण कमी झालंय. मांजर आहे त्याच घरी आहे.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं आपण सहज म्हणतो. पण खोड कुणाची हे आधी तपासावं लागतं. रूप पाहून रक्त ठरवायचं, रक्तावरून स्वभाव ठरवायचा आणि मग आपल्या हलगर्जीपणाचा दोष त्या स्वभावावर ढकलायचा, ही साखळी आपण मांजरापुरतीच वापरलेली नाही. माणसांना ‘जात’ लावताना आपण नेमकं हेच करत आलो आहोत.

आणि एक विनंती. उसाच्या फडात पिल्लं दिसली, तर ‘किती गोड’ म्हणून घरी आणू नका. त्या प्राण्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि बहुतेक वेळा आई जवळच असते. वन खात्याला कळवा. रान पाहायचं असेल, तर ते तिथेच राहू द्यावं आणि आपण लांबून पाहावं.