जन्मसिद्ध नागरिकत्वाचा वाद नेमका काय आहे?

वॉशिंग्टन : अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी पदभार स्वीकारताच जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेश जारी केला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक वा कायम निवासी नसतील, तर अपत्याला नागरिकत्व नाकारण्याची तरतूद त्यात आहे. एच-१बी व्हिसाधारक भारतीय कुटुंबेही तिच्या कक्षेत येतात.

१८६८ची चौदावी घटनादुरुस्ती अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असलेल्या व्यक्तीस नागरिकत्व देते. या शब्दांच्या अर्थावरच वाद आहे. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेत स्थायिक चिनी दांपत्याच्या मुलास नागरिक ठरवले होते. २३ जानेवारी रोजी सिएटलच्या न्यायालयाने ट्रम्प यांच्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली.