पंक्चरचे काम : घरी की रस्त्यावर?

सायकलच्या टायरचा इतिहास हा बऱ्याच अंशी पंक्चर काढण्याच्या श्रमाचा इतिहास आहे. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा तो टायर रिमला चिकटवलेला असल्यामुळे पंक्चर काढण्यात कित्येक तास जात, आणि गोंद वाळेपर्यंत थांबावे लागे ते निराळेच. 1891 मध्ये फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी सहज सुटणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत त्या टायरवर जिंकली. रोड सायकलला आज ट्यूब घालावी की ट्यूबलेस टायर चढवावा, हा प्रश्नही वेगापेक्षा या श्रमाशीच अधिक निगडित आहे.

पारंपरिक रचनेत हवा धरून ठेवण्याचे काम ब्यूटिल या कृत्रिम रबराची ट्यूब करते, तर तिच्यावरचा टायर रस्त्याचे घर्षण सोसतो आणि ‘बीड’ नावाच्या आपल्या न ताणणाऱ्या कडांच्या आधाराने रिममध्ये अडकून राहतो. अशी ट्यूब मुख्यतः दोन तऱ्हांनी फुटते : एक तर बाभळीचा काटा किंवा काच टायर भेदून आत शिरते, नाहीतर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या काठावर आदळते आणि टायर व रिम यांच्यामध्ये चिमटली गेलेली ट्यूब दोन ठिकाणी चिरते. सर्पदंशाच्या खुणेसारख्या दिसणाऱ्या या जोडचिरांना ‘स्नेक बाइट’ म्हणतात. त्या टाळण्यासाठी दाब चढा ठेवावा लागतो, आणि चढ्या दाबाचा टायर खडबडीत रस्त्याचा प्रत्येक हादरा मनगटापर्यंत पोचवतो.

ट्यूबलेस रचनेत आऱ्यांची छिद्रे खास चिकटपट्टीने बंद केली जातात, टायरची कड रिमला घट्ट टेकून हवाबंद सांधा तयार होतो आणि आत साधारण 30 ते 50 मिलिलिटर सीलंट, म्हणजे बहुधा रबराचे सूक्ष्म कण असलेला दुधासारखा पांढरा द्रव, ओतला जातो. काटा रुतून निघाला की सुटणारी हवा हा द्रव छिद्राकडे ओढून नेते, कण छिद्राच्या तोंडाशी अडकून साकळतात आणि चाकाच्या काही फेऱ्यांत फसफस थांबते. टायरवर पांढरा ठिपका आणि थोडा उतरलेला दाब एवढीच खूण उरते. डोंगरी सायकलींना 1999 पासून ठाऊक असलेली ही पद्धत रोड सायकलींकडे 2006 च्या सुमारास आली आणि रुळायला आणखी बराच काळ गेला, कारण अरुंद टायरातील चढ्या दाबाखाली सीलंट साकळण्याआधीच बाहेर उडून जाते. 23 मिलिमीटरच्या टायरांची जागा 28 ते 32 मिलिमीटरच्या टायरांनी घेतल्यावर दाब खाली आला आणि ही अडचण पुष्कळशी ओसरली.

वेगाचा हिशेब मात्र जाहिरातींइतका सरळ नाही. टायर जमिनीला टेकतो तिथे तो दबतो व पुन्हा फुगतो, आणि त्या घडामोडीत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जाड ब्यूटिल ट्यूब काढली की हा अपव्यय घटतो हे खरे, पण पातळ लॅटेक्स ट्यूबनेही जवळपास तोच लाभ मिळतो. वजनाचेही तसेच : सुमारे 100 ग्रॅमची ट्यूब वाचली, तरी ट्यूबलेस टायर स्वतःच थोडा जड असतो आणि त्यात सीलंटची भर पडते. शिवाय टायरची कड पकडणारा आतला ओठ नसलेल्या, म्हणजेच ‘हुकलेस’ रिमवर 5 बार, अर्थात सुमारे 72 पीएसआय, ही प्रमाणित कमाल मर्यादा असून अशा रिमवर तिच्यासाठी मान्य असलेला ट्यूबलेस टायरच बसवावा लागतो.

खरा भेद उरतो तो कामाच्या वाटणीचा. ट्यूब महिनोन्‌महिने फक्त हवा मागते, आणि फुटलीच तर टायर उतरवून नवी ट्यूब घालणे हे सरावाने दहा मिनिटांचे काम आहे. जुनी ट्यूब गावातला कोणताही पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो आणि ठिगळ लावून देतो. ट्यूबलेस टायर रस्त्यावर क्वचितच थांबवतो, पण घरी नियमित सेवा मागतो : सीलंट काही महिन्यांत वाळते, आणि उष्ण हवेत अधिक लवकर, म्हणून ते वेळोवेळी पुन्हा भरावे लागते, आणि नवा टायर रिमवर बसवताना साध्या पंपाचा जोर कित्येकदा अपुरा पडतो. काचेने लांब चीर पडली तर सीलंटही हात टेकते आणि शेवटी त्याच टायरात, हात पांढरे करून घेत, ट्यूबच घालावी लागते. म्हणून ट्यूबलेस वापरणाराही एक ट्यूब सोबत बाळगतो.

त्यामुळे काटेरी, खडबडीत रस्त्यांवरून आठवड्याला शेकडो किलोमीटर जाणाऱ्याला आणि चाकांची देखभाल अंगवळणी पडलेल्याला ट्यूबलेस फायद्याचे ठरते. रविवारी सकाळी चाळीस किलोमीटरची फेरी मारून सायकल भिंतीला टेकवणाऱ्याला ट्यूब पुरेशी आहे, कारण सहा महिने न तपासलेल्या टायरात वाळलेले सीलंट काट्याच्या वेळी काहीच कामाचे नसते.