रस्ता मोठा झाला आणि माझा गल्ला अर्धा झाला! हायवेला गाळा घेताय? आधी हे वाचा



मागच्या व्हिडिओखाली भूगावच्या एका ताईंनी विचारलं होतं, "दादा, मेन रोडला गाळा मिळतोय. एजंट म्हणतो रोड मोठा होणार आहे, आत्ताच घ्या, नंतर भाडं डबल होईल. घेऊ का?" मी दोन ओळींत उत्तर दिलं खरं, पण ते अर्धवटच होतं. या विषयात माझे स्वतःचे पैसे गेलेत, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहितो.

२०२१ च्या दिवाळीनंतर मी पुण्यात चांदणी चौकाजवळ सर्व्हिस रोडला नाश्त्याचं दुकान टाकलं. पोहे, उपमा, वडापाव, चहा, पाण्याच्या बाटल्या. ज्यांना चौक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-बेंगळुरू महामार्ग, कोथरूडकडून मुळशीला जाणारा पौड रस्ता, बावधन-पाषाणकडचा रस्ता आणि एनडीएकडचा रस्ता, सगळे इथे एकत्र येतात. मुंबईला, साताऱ्याला, कोल्हापूरला जाणारी माणसं बॅगा घेऊन रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभी असायची. आणि ट्रॅफिक तर असा, की सकाळी नऊ वाजता चौक ओलांडायला अर्धा तास गेला तर कुणाला नवल वाटायचं नाही.

लोक त्या ट्रॅफिकला शिव्या द्यायचे आणि माझं पोट त्याच ट्रॅफिकवर चालायचं. गाडी हलत नाही म्हटल्यावर माणूस काच खाली करतो, शेजारच्याला म्हणतो, "अरे, दोन वडापाव आण रे."

आकडे सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. रोजचा गल्ला सरासरी ७,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २,२५,००० रुपये. त्यात कच्चा माल ४५ टक्के. उरले १,२३,७५०. भाडं २२,०००, दोन पोरांचा पगार २६,०००, गॅस, लाइट आणि बाकी किरकोळ ११,०००. हे झाले ५९,००० रुपये, जे दुकान चालो न चालो जाणारच. हातात राहायचे ६४,७५०. पहिल्याच वर्षी इतके! मला वाटलं, आपल्याला धंदा कळला.

आता गंमत बघा. चौकाच्या कामाचं भूमिपूजन ऑगस्ट २०१७ मध्येच झालेलं होतं. म्हणजे मी गाळा घेतला तेव्हा काम होणार हे सगळ्या पुण्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण जमीन ताब्यात यायला वेळ लागत होता, काम रखडत होतं, आणि मी मनाशी हिशोब केला की झालं तरी चांगलंच आहे, रस्ता मोठा म्हणजे गाड्या जास्त, गाड्या जास्त म्हणजे कस्टमर जास्त. बीबीएला असताना लोकेशन कसं निवडायचं यावर दहा मार्कांचं उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं. पण प्रकल्पाचा नकाशा उघडून आपल्या शटरसमोर नक्की काय येणार, हे एकदाही बघितलं नाही.

२०२२ च्या ऑगस्टपासून कामाने वेग घेतला. २ ऑक्टोबर २०२२ ला रात्री एकच्या सुमारास महामार्गावरचा जुना पूल सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून पाडला. टीव्हीवर लाइव्ह चाललं होतं. स्फोट झाला, धूळ उडाली, पण पूल एका झटक्यात पूर्ण पडला नाही, उरलेला भाग मशिनने तोडावा लागला. मी घरी मोबाइलवर बघत होतो आणि बायकोला म्हणालो, "बघ, आता आपले दिवस पालटणार." ते पालटले, फक्त उलट्या बाजूने.

आधी बॅरिकेड आले. मग सर्व्हिस रोडला येण्याचा जो कट होता तो बंद झाला. पुण्याहून येणाऱ्या माणसाला माझ्या दुकानापर्यंत यायचं तर पुढे जाऊन वळून यावं लागायचं. पंधरा रुपयांच्या वडापावसाठी कोण येईल? गाडीची वाट बघणारी माणसंही कामामुळे पुढे-मागे सरकली, कुठे उभं राहायचं हे रोज बदलायचं. गल्ला ३,००० वर आला. ३,००० म्हणजे महिन्याला ९०,०००. माल वजा जाता ४९,५००. आणि ठरलेला खर्च ५९,०००. दर महिन्याला खिशातून ९,५०० रुपये घालून मी दुकान उघडत होतो.

(तुम्हीही तुमच्या दुकानाचा हा आकडा काढा. माझा ठरलेला खर्च ५९,००० आणि शंभर रुपयांच्या विक्रीत हातात राहतात ५५. म्हणजे रोज साधारण ३,६०० रुपयांचा गल्ला झाला तरच ना नफा ना तोटा. त्या खाली एक महिना गेला तर विचार करायचा, तीन महिने गेले तर निर्णय घ्यायचा. मी दहा महिने विचारच करत बसलो.)

का बसलो? कारण आशा होती, की उद्घाटन झालं की सगळं सुरळीत होईल. १२ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींच्या हस्ते लोकार्पण झालं. खर्च साधारण ८६५ कोटी, रॅम्प, पूल, सर्व्हिस रोड सगळं मिळून १७ किलोमीटरच्या आसपास काम. गाडीवाल्याच्या नजरेने बघितलं तर काम चांगलं झालं, मी स्वतः तिथून जातो तेव्हा मलाही बरं वाटतं. सुरुवातीला कुठला रॅम्प कुठे उतरतो हे लोकांना कळत नव्हतं, चुकून भलतीकडे जायचे आणि वैतागायचे. पायी चालणाऱ्याने रस्ता ओलांडायचा कसा, ही तक्रार तर पेपरात सारखी यायची. पण पूर्वीचा तो जॅम उरला नाही.

आणि जॅम गेला तसा माझा कस्टमर गेला.

हे मला पंक्चरवाल्या काकांनी एका वाक्यात सांगितलं. म्हणाले, "तुझं दुकान रस्त्यावर नव्हतंच रे, गर्दीवर होतं." काका स्वतः तिथेच आहेत अजून. पंक्चर झालेला माणूस फोन करून, शोधत येतो, त्याला कट असो नसो. माझ्याकडे कुणी शोधत येत नव्हतं. मी वाटेत होतो म्हणून येत होते.

वेगाचं गणित सोपं आहे. गाडी ताशी २० किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. तुमचा बोर्ड दिसला, वाचला, मन झालं, तीन सेकंद गेले, तरी गाडी १७ मीटरच पुढे गेली. थांबता येतं. तीच गाडी ६० च्या वेगाने असेल तर तीन सेकंदांत ५० मीटर जाते. बोर्ड वाचेपर्यंत दुकान मागे पडलं, आणि मागून ट्रक येत असताना कुणी ब्रेक मारत नाही. मारूही नये. म्हणून एजंट जेव्हा म्हणतो, "रोजच्या लाखभर गाड्या जातात इथून," तेव्हा त्याला विचारा, त्यातल्या किती थांबू शकतात?

तर ताई, आता तुमच्या गाळ्याकडे येऊ.

पहिली गोष्ट, नकाशा. रस्ता रुंद होणार एवढं ऐकून थांबू नका. दुभाजकात कट कुठे राहणार, सर्व्हिस रोड एकदिशा की दुहेरी, पूल होणार असेल तर गाळ्यासमोर त्याचे खांब येणार की चढाची भिंत येणार. खांब आले तर खालून माणसं, रिक्षा, दुचाकी जाऊ शकतात. भिंत आली तर समोरची अर्धी वस्ती तुमच्यासाठी परगाव झाली. ज्या खात्याचं काम आहे त्या कार्यालयात जाऊन विचारायला लाजू नका. आणि काम सुरू असेल तर साइटवरच्या इंजिनिअरला एक चहा पाजा. माझा अनुभव आहे, अर्ध्या तासात जे कळतं ते एजंट वर्षभर सांगणार नाही.

भूगावच्या बाबतीत तर बायपासची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. बायपास झाला की मुळशी, ताम्हिणीला जाणारी शनिवार-रविवारची गर्दी गावाबाहेरून जाईल. पण गावात आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत राहणारा माणूस कुठे जाणार नाही. तुमचं गिऱ्हाईक पर्यटक आहे का रहिवासी? तुम्ही लिहिलंय की तुम्हाला पोळी-भाजी केंद्र आणि फराळाचं काम करायचंय. मग मेन रोडचं भाडं तुम्ही कुणासाठी भरणार आहात?

दुसरं, जागा कुणाची. गाळ्याचा सातबारा मागा आणि इतर हक्काचा रकाना वाचा, भूसंपादनाची नोंद असेल तर बहुतेक तिथे दिसते. विकास आराखड्यात रस्ता किती रुंद दाखवलाय त्यासाठी झोन दाखला काढा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या महामार्ग कायद्यात कलम ३ए ची अधिसूचना निघते, तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक आपल्या भाषेतलं असतं. तिथपासून २१ दिवसांत जागेत हितसंबंध असलेल्या माणसाला हरकत घेता येते. ही नोटीस आपण पेपरात बघतो आणि पान उलटतो. यापुढे उलटू नका.

आणि पुढची शेड बघा! कितीतरी गाळे आत दहा फूट आणि बाहेर पत्र्याखाली आठ फूट असतात. सगळा धंदा त्या आठ फुटांत चालतो. टेबलं तिथे, तवा तिथे. ती जागा रस्त्याच्या हद्दीत असेल तर एक दिवस जेसीबी येणार आणि भाडं मात्र पूर्ण गाळ्याचंच राहणार. टेप घेऊन रस्त्याच्या मध्यापासून मोजा, मोजणी नकाशाशी ताडून बघा.

तिसरं, करार. इथे मी सगळ्यात जास्त पोळलो. माझ्या करारात २४ महिन्यांचा लॉक-इन होता. धंदा बसल्यावर मी मालकाला म्हटलं, साहेब, रस्ता बंद आहे, भाडं थोडं कमी करा. ते म्हणाले, "रस्ता मी बंद केला का?" त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण दीड लाखाच्या डिपॉझिटमधून तीन महिन्यांचं भाडं, ६६,००० रुपये, कापून घेतलं. कागदावर माझी सही होती.

आता मी माझ्या बॅचमधल्या प्रत्येकाला सांगतो, करारात एक कलम घालून घ्या: सरकारी कामामुळे दुकानात यायचा रस्ता सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर तेवढ्या काळाचं भाडं अर्धं, आणि ९० दिवसांच्या पुढे गेला तर एक महिन्याची नोटीस देऊन लॉक-इन न भरता बाहेर पडायची मोकळीक. मालक लगेच हो म्हणणार नाही. घासाघीस करा, अर्ध्याऐवजी पाऊण भाड्यावर या, पण काहीतरी लिहून घ्या. आणि लिव्ह अँड लायसन्स रजिस्टरच करा, नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवू नका. महाराष्ट्रात नोंदणी करायलाच लागते, आणि उद्या तुम्ही तिथे होता हे सिद्ध करायला तोच कागद लागतो.

कारण भरपाईचा विषय निघाला की जमिनीचे पैसे जमीनमालकाला जातात. भाडेकरूचं चालू गिऱ्हाईक तुटलं, याचे वेगळे पैसे कुणी घरी आणून देत नाही. महामार्ग कायद्यात एक गोष्ट आहे, संपादनामुळे धंद्याची जागा बदलावी लागली तर त्या स्थलांतराचा वाजवी खर्च भरपाई ठरवताना विचारात घ्यायचा असतो. त्यासाठी दावा वेळेत करावा लागतो आणि हातात रजिस्टर करार, शॉप अ‍ॅक्टची नोंद, फूड लायसन्स, तुमच्या नावाची बिलं असावी लागतात. वकिलाला दाखवूनच पुढे जा. पण लक्षात घ्या, माझ्यासारखं ज्याचं दुकान संपादनात गेलंच नाही, फक्त समोरचा कट बंद झाला, त्याला या वाटेने काही मिळेल असं धरून चालू नका. मला एक रुपयाही मिळाला नाही.

ऑगस्ट २०२३ च्या शेवटी मी तिथलं शटर बंद केलं. बावधनमध्ये आतल्या रस्त्याला, चार सोसायट्यांच्या मध्ये, १३,००० भाड्याने छोटा गाळा घेतला. समोरून महामार्ग दिसतसुद्धा नाही. पहिले दोन महिने गल्ला २,५०० च्या आसपास होता आणि मी रात्री झोपत नव्हतो. मग सकाळच्या डब्याच्या ऑर्डर सुरू झाल्या, सोसायटीच्या ग्रुपवर रविवारची मिसळ चालली. आज ५,५०० ते ६,००० आहे. पूर्वीच्या ७,५०० पेक्षा कमीच, पण ठरलेला खर्चही ५९,००० वरून ४१,००० वर आलाय. एक पोरगा जुन्या दुकानातलाच आहे. दुसऱ्याला मी ठेवू शकलो नाही, तो आता वारज्याला एका हॉटेलात आहे, भेटला की "काय मालक" म्हणून हाक मारतो.

ताई, तुमच्या गाळ्याचा एक फोटो रस्त्याच्या पलीकडून काढा, आणि एक गाळ्याच्या आत उभं राहून रस्त्याकडे बघत काढा. शनिवारी सकाळी आणि मंगळवारी दुपारी एकेक तास तिथे उभं राहून किती जण खरोखर थांबतात ते वहीत लिहा. हे सगळं मला पाठवा, पुढच्या रविवारच्या व्हिडिओत आपण तुमचाच गाळा घेऊन हिशोब मांडू. टोकन मात्र तोपर्यंत देऊ नका. एजंटचे कितीही फोन आले तरी!