मातीत सापडलेला कंद कुणाचा?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मे महिना म्हणजे कुंड्या रिकाम्या करायच्या, माती उन्हात टाकायची, वाफे खणायचे. आणि याच दिवसांत हमखास येणारा प्रश्न: "मातीत कंद सापडलेत, आम्ही तर काही लावलं नव्हतं. कशाचे असतील? खाता येतील का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ओळख पटेपर्यंत खायचे नाहीत. जिभेला लावूनही बघायचं नाही. का, ते पुढे कळलावीपाशी आलो की कळेल.

आता ओळखायचं कसं? कंद ओढून काढू नका. भोवतीची माती हाताने मोकळी करा आणि तो कशाला, कसा जोडलाय ते बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

माळेसारखे जोडलेले. काळपट, सुपारीपेक्षा लहान, दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकांत अडकलेले आणि मोडल्यावर सुवास येणारे, तर तो नागरमोथा, म्हणजे आपला लव्हाळा. वरून उपटलात तर दोरे तुटतात आणि मागे राहिलेली प्रत्येक गाठ पुन्हा उगवते. गोल, तपकिरी, केसाळ मणी असतील आणि दाबल्यावर पाणी निघत असेल, तर ते नेच्याच्या एका जातीचे. झाडाची पाण्याची साठवण आहे ती, घाबरायचं कारण नाही.

घोसात लागलेले. बारीक, पांढरट, दोन्ही टोकांना निमुळते आणि वरच्या वेलाला काटे, तर शतावरी. रताळ्यासारखे जाड, सगळे एकाच बुडख्याला लागलेले, तर बहुतेक डेलिया.

एकटाच, जाडजूड. काळपट, सुरकुतलेला, गाजरासारखा खाली निमुळता होत गेलेला असेल, तर गुलबक्षी. तिचं मूळ आणि बी दोन्ही विषारी. चपटा-गोल, मधोमध कोंब, तर सुरण. तो हातमोजे घालूनच हाताळा, खाज सुटते.

अंगावर वलयं. हा हळदीच्या कुळातला. कापून वास घ्या. हळद लगेच कळते, आणि कच्च्या कैरीचा वास आला तर आंबेहळद.

आता कळलावी. हिचा कंद गुळगुळीत, फिकट तपकिरी, आतून पांढरा आणि काटकोनात वळलेला, नांगरासारखा. संस्कृतात तिला 'लांगली' म्हणतात, आणि लांगल म्हणजे नांगर. पावसाळ्यात लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं येतात, म्हणून 'अग्निशिखा'. दिसायला सुंदर, पण कंदात कोल्चिसीन नावाचं जहाल विष असतं. रताळं किंवा रानकंद समजून तो खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. शिजवूनही हे विष जात नाही. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, तोवर विष अंगात भिनलेलं असतं. म्हणून कुणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी त्रास व्हायची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. उरलेला कंद सोबत न्या, डॉक्टरांना निदानाला मदत होते.

एवढं बघूनही ओळख पटली नाही तर? एक कंद वेगळ्या कुंडीत लावा, वर चिठ्ठी खोचा आणि मुलांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवा. पाऊस पडला की पानं येतील, आणि पान फसवत नाही. पानाचं टोक लांबून दोरीसारखं गुंडाळलेलं दिसलं, तर कळलावी. एकाच ठिपकेदार दांड्यावर छत्री उघडली, तर सुरण. बदामाच्या आकाराची पानं आणि गुंडाळत चढणारा वेल, तर बहुधा करांदा-कोनफळाच्या कुळातला. पण थांबा, या कुळातही कडू, विषारी रानजाती आहेत. तेव्हा वेल ओळखला तरी खाण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

आणि फोटो पाठवताना नुसता कंद नको. पान, खोड आणि कापलेला कंद असे तीन फोटो पाठवा. मग बोलू आपण पुढच्या भागात.